आधी कोणाची मशीन

आमच्या घरातलं भांडण ऐकू यायचं नाही, फक्त दिसायचं. सानगडीच्या बाजाराच्या वाटेवर आमचं घर, घराला लागून टिनाचं लांबट शेड, आणि शेडात तीन मशिनी. त्या सुरू असल्या की माणसाचं तोंड हलताना दिसे, हात वर जाताना दिसे, पदर कमरेला खोचला जाताना दिसे, पण शब्द काही पोचत नसे. आम्ही पोरं कोण कोणावर रागावलंय ते लांबूनच ओळखायचो. मोठी आई रागावली की तिचं कोपर कानापर्यंत जाई. माझी आई रागावली की काहीच हलत नसे, ती नुसती बघत राही. आणि काकी रागावली की सगळ्यांकडे पाठ करून आपल्या मशीनशीच बोले. लाईन गेली की एकदम शांतता व्हायची आणि त्या क्षणी जिच्या तोंडात जे वाक्य अर्धं असेल ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खणखणीत ऐकू यायचं. “...तुह्या माहेरी असन तसं” हे वाक्य मी अशा शांततेत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती घरातली थोरली, म्हणून चुलीवरचं पहिलं गरम पाणी तिचं, भाजीची पहिली चव तिची, आलेल्या पाहुण्याशी पहिला शब्द तिचा. तिच्यानंतर माझी आई. आणि शेवटी काकी, धनराजकाकांची बायको, वयानं माझ्याहून फार मोठी नव्हती. तिघींचे नवरे दिवसभर बाहेर. मोठे बाबा एसटीत कंडक्टर, माझे बाबा शाळामास्तर, आणि काका शेतात, म्हणजे शेताच्या नावानं चौकात. शेड चालवायच्या त्या तिघीच. संध्याकाळी त्या घरात आल्या की कोण कोणती ते अंधारातही कळे. मोठी आई पिठानं पांढरी, भुवयांसकट. आई तिखटानं लाल, तिनं जवळ घेतलं की शिंका यायच्या. काकीच्या केसांत कोंडा, आणि तो जेवताना लाखोळीच्या वरणात पडू नये म्हणून मोठी आई तिला पंगतीच्या शेवटी बसवायची. काकीला वाटायचं धाकटी म्हणून शेवटी बसवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पहिली मशीन मोठ्या आईची, पिठाची चक्की. तिच्यासाठी मीटरपासून शेडापर्यंत तार ओढली, तेव्हा मी फार लहान होते. मग आईची मिरची कांडायची मशीन आली, कारण बाबांचं म्हणणं असं की मास्तरच्या बायकोला स्वतःचं काहीतरी पाहिजे. ती त्याच तारेला जोडली. काकी लग्न होऊन एकोडीहून आली आणि वर्षभर गप्प राहून सगळं पाहिल्यावर एके दिवशी जेवताना म्हणाली, “सगळा मुलूख धानाचा, अन आपण पीठ दळून राहिलो, मिरची कांडून राहिलो. धान भरडायले मात्र लोकायच्या दारी जातो. असं काहून?” धानाची मशीन आली. तीसुद्धा काकांनी त्याच तारेला जोडली आणि हात झटकत म्हणाले, “झालं काम. तारेले काय, एक अन तीन सारखंच.”

तारेला तीन आणि एक सारखं नसतं, हे त्या आठवड्यातच कळायला लागलं. तिन्ही मशिनी सोबत चालल्या की पटकन आवाज व्हायचा, शेड मुकं व्हायचं, आणि भिंतीवरच्या चिनीमातीच्या डबीतला फ्यूज जळालेला असायचा. मग तपास सुरू. मोठी आई म्हणायची, “इतके साल माही चक्की चालली, कधी काही झालं नाई. हे धानाची आली अन फूज जायले लागला.” काकी म्हणायची, “माही मशीन नवीन हाये. जुनं मानूसच जास्त खाते.” हे वाक्य मोटारीबद्दल होतं असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. आई मधली, म्हणून तिच्यावर दोन्हीकडून संशय. तिची मशीन सगळ्यात लहान, पण आवाज सगळ्यात मोठा, धबधब धबधब. गिऱ्हाइकांनाही वाटे की जिचा आवाज मोठा तीच करंट खात असणार. लाईन दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचं, शाळेतल्या शिपायाचं, बाजारात भांडी विकायला येणाऱ्याचंही मत घेतलं गेलं. मतं तीन मशिनींवर सारखी वाटली गेली.

काकांचा उपाय मात्र साधा होता. फ्यूज जातो कारण त्याची तार बारीक आहे, म्हणून जाड घालायची. ती गेली की आणखी जाड. प्रत्येक वेळी ते स्टुलावर चढत, डबी काढत, खिशातून नवी तार काढून दातांनी तोडत आणि खाली उभ्या असलेल्या बायकांना सांगत, “आता जात नाई.” ते खरंही होत गेलं. फ्यूज जायचं कमी झालं आणि काकांचा मान वाढला. आता मी आयटीआयमध्ये पोरांना हेच शिकवते आणि दरवर्षी त्यांना विचारते, फ्यूज कशासाठी असतो. दरवर्षी एकजण तरी म्हणतो, मॅडम, लाईन जाऊ नये म्हणून. मला काकाच दिसतात, स्टुलावर, दातात तार धरलेले.

मी आयटीआयला गेले तीही गंमतच. मला मास्तरीण व्हायचं होतं, पण त्यात नंबर लागला नाही. मोठे बाबा साकोलीच्या गाडीवर होते. त्यांनी डेपोत कोणाकडून तरी ऐकलं की आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला मुलींसाठी जागा आहेत आणि कोणी येत नाही. “जागा रिकामी जाऊन राहिली,” ते घरी येऊन म्हणाले. रिकामी सीट पाहून त्यांचा जीव कासावीस व्हायचा, मग ती बसमधली असो की वर्गातली. तर मी त्या सीटवर बसले. वर्गात मी एकटीच मुलगी. सगळे मला ताई म्हणत, माझ्याहून मोठे होते तेसुद्धा.

तिथं मेश्राम सर होते. बुटके, हळू बोलणारे, आणि खडू एवढासा उरला तरी टाकून न देणारे. एकदा त्यांनी फळ्यावर एक जाड रेघ ओढली आणि तिच्यावरून तीन बारीक रेघा खाली सोडून प्रत्येकीच्या टोकाला एक गोल काढला. मी पाहतच राहिले. ते आमचं शेड होतं. सर म्हणाले, प्रत्येक मोटारीची आपली एक तार असते, तिचा हिशेब सोपा. पण सगळ्यांना मिळून जी एक तार येते, तिचं काय? तिनं सगळ्यांचं ओझं वाहायचं असतं. म्हणून सगळ्यात मोठ्या मोटारीचा करंट धरा, त्यात त्याचाच पाव हिस्सा वाढवा, बाकीच्यांचे करंट जसेच्या तसे मिळवा. जो आकडा येईल, तेवढा सोसेल अशी तार घ्या. आणि फ्यूज? मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, पण क्षणभरच. फ्यूज असा पाहिजे की सगळ्यात मोठीचा तो झटका आणि बाकीच्यांचं चालणं तो सोसेल, पण तारेत बिघाड झाला की तारेच्या आधी स्वतः जळेल. “फ्यूजनं मरायचं असते,” सर म्हणाले, “तार जगावी म्हणून.” मागचा एकजण म्हणाला, “सर, आमच्या घरी फ्यूजच सगळ्यायले मारते.” सगळे हसले. मी हसले नाही. मला दातात तार धरलेले काका आठवत होते.

घरी येऊन मी हे सांगायचा प्रयत्न केला. सांगितलं तेही चुकीच्या वेळी, तिन्ही मशिनी सुरू असताना. तिघींनी मान डोलावली. मोठ्या आईला वाटलं मी चहा मागते आहे, तिनं चहा आणून दिला. रात्री जेवताना परत काढलं, तर काका म्हणाले, “पोट्टी चार दिवस साकोलीले गेली अन तार शिकवून राहिली. आता फूज जाते का सांग. नाई ना जात? मंग?” खरंच जात नव्हता. काम होतंय तोवर धोका आहे असं सांगणाऱ्याइतकं मूर्ख जगात कोणी दिसत नाही.

पण फ्यूज जायचा थांबला तरी भांडण थांबलं नव्हतं. तिन्ही मशिनी लागल्या की व्होल्टेज पडे, चक्की मंद होई, पीठ जाड येई आणि गिऱ्हाईक परत येई. मोठ्या आईचा राग काकीवर. मग वेळा वाटून घेतल्या. सकाळी चक्की, दुपारी मिरची, संध्याकाळी धान. हा तह बाजाराच्या दिवसापर्यंत टिकला. बाजाराच्या दिवशी खेड्याखेड्यांतून माणसं तिन्ही कामं घेऊन एकदमच येतात, त्यांना कोण सांगणार की पीठ आत्ता, धान संध्याकाळी. तिघीही उठून एकदम आपापलं बटन दाबायच्या, कारण मागं राहिली तिचं गिऱ्हाईक जाणार. हे बटन दाबणं पळण्याच्या शर्यतीसारखं होतं. एकमेकींच्या हाताकडे बघत उभ्या, आणि एकीचा हात हलला की दोघींचे हलले.

शेवटी वेगळं व्हायचा शब्द निघालाच. काकांनीच काढला, आणि तोही भाकरीचा तुकडा मोडता मोडता. “सरकारनं एवढा मोठा जिल्हा दोन केला. गोंदिया तिकडं, भंडारा इकडं. कोणाचं काही बिघडलं का? आपल्या घरी काहून नाई चालत? आपलं मीटर आपलं, आपली चूल आपली.” त्या दिवशी झिंग्यांचं कालवण होतं, आईच्या हातचं, आणि कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मोठे बाबा म्हणाले, “जिल्हा वेगळा झाला तवा मले दोन डेपोचे कागद भरावे लागले. सोपं नसते ते.” एवढंच बोलले. पण मोठ्या आईनं ताट सारलं आणि ती उठून बाहेर जाऊन बसली. मला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत भांडण मशिनीचं होतं, आता ते चुलीपर्यंत आलं होतं. तिघी एका चुलीभोवती बसणार नाहीत, पांढरी, लाल आणि कोंड्याची, हे माझ्या डोळ्यांपुढे येईना.

मग आली मंडई. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी, आणि मंडईच्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, रात्री नाटक असते. प्रत्येक घरात वडे, प्रत्येक घरात रस्सा. म्हणजे प्रत्येक घराला पीठ, तिखट आणि नव्या धानाचे तांदूळ एकाच दिवशी पाहिजे. आमच्या गावची मंडई उद्यावर आलेली. आदल्या सकाळपासून शेडासमोर पोती, डबे, टोपल्यांची रांग. मी सुट्टीवर घरी होते. तिन्ही मशिनी सकाळपासून थांबल्या नव्हत्या. फ्यूजचं काम काकांच्या जाड तारेनं चोख चालवलं होतं, म्हणजे तो काहीच करत नव्हता.

दुपारच्या सुमाराला मला वास आला. रबर जळावं तसा. मी वर पाहिलं तर आढ्याखालून जाणारी जुनी तार मऊ पडून लोंबत होती आणि तिच्यावरचं आवरण थेंब थेंब गळत होतं. थेंब पडत होते आईच्या सुक्या मिरच्यांच्या पोत्यावर. मी ओरडले, पण आमच्या शेडात ओरडणं म्हणजे काय ते सांगितलंच आहे. पोत्यातून धूर निघाला.

ज्यांनी कधी जळत्या मिरचीचा धूर घेतला नसेल त्यांना हे लिहून समजणार नाही. चुलीत एक मिरची पडली तरी घर बाहेर येतं. इथं अर्धं पोतं होतं. रांगेतल्या बाया आधी शिंकल्या, मग खोकल्या, मग धान-पीठ सोडून पळाल्या. वाऱ्यानं धूर बाजाराकडे नेला आणि बाजार खोकू लागला. मंडईला एक दिवस आधीच येऊन पोचलेले जावई आपल्या सासरच्यांसोबत डोळे पुसत उभे होते. मोठ्या आईनं डोळे मिटूनच पाण्याची बादली उचलली. तारेत अजून करंट होता. मी तोंडावर ओढणी धरून आत शिरले, पीठ ढकलायची कोरडी लाकडी दांडी घेतली आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. शेड मुकं झालं. त्याच क्षणी मोठ्या आईनं बादली फेकली. ती पडली काकांवर, कारण ते फ्यूज वाचवायला स्टूल घेऊन धावत आले होते. दुसरी बादली मात्र पोत्यावर बरोबर पडली, आणि तिसरी आईनं टाकली.

मग बराच वेळ कोणी भांडलं नाही. भांडता येत नव्हतं. तोंड उघडलं की खोकला. ओट्यावर तिघी एकीशेजारी एक बसल्या, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि काकी मोठ्या आईच्या पाठीवर हात फिरवत होती, मोठी आई काकीच्या. समोरच्या घरची म्हातारी खोकत खोकत म्हणाली, “जाऊ दे बाई, अर्ध्या गावाची नजर उतरली.” आणि मोठी आई हसली. हसताना आणखी खोकली.

धूर ओसरल्यावर मी जळकी तार खाली ओढून आणली आणि काकांपुढे ठेवली. मला फार बोलावं लागलं नाही. “फूज गेला नाई,” काका म्हणाले. ओल्या बनियनवर टॉवेल घेऊन ते तिच्याकडे पाहत बसले. “फूज गेला असता तं हे झालं नसतं.” मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, “कोणाच्या मशीननं झालं?” आता तिघीही माझ्याकडे पाहत होत्या. हाच प्रश्न होता. मी चक्कीशेजारचा टिनाचा पत्रा घेतला, त्यावर पिठाचा थर होताच, आणि बोटानं सरांची रेघ काढली. एक जाड, खाली तीन. मोटारींच्या पाट्यांवरून करंट वाचले. काकीची सगळ्यात मोठी, साडेसात हॉर्सची, करंट अकरा अँपिअर. मोठ्या आईची पाचची, साडेसात. आईची तीनची, पाच. अकरात पाव हिस्सा म्हणजे पावणेतीन वाढवा, बाकीचे मिळवा, सव्वासव्वीस. आणि जुनी तार चक्की एकटी होती तेव्हाची, पंधरा-सोळाच्या वर नेऊ नये अशी. “कोणाच्याच मशीननं नाई,” मी म्हटलं. “तिघींची मिळून जे तार हाये, ते बारीक हाये.”

आई इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली. “म्हणजे माह्या मशीनचा आवाज होता, फक्त आवाज.” तिला त्याचंच समाधान झालं. काकीनं मात्र पत्र्यावरच्या अकरावर बोट ठेवलं आणि विचारलं, “एवढा माहा?” तिच्या आवाजात लाज होती की अभिमान, मला कळलं नाही. थोडं थोडं दोन्ही असावं.

मंडईचे वडे आम्ही शेजाऱ्यांच्या पिठावर केले. मंडई झाल्यावर लायसन असलेला वायरमन बोलावला, वीज कचेरीत जाऊन भार वाढवून घेतला, नवी जाड केबल आली, नवं मेन, आणि त्यात मेश्राम सरांना दाखवून पक्का केलेला फ्यूज. काकांनी वायरमनच्या हाताखाली दिवसभर काम केलं आणि एकदाही दातांनी तार तोडली नाही. वायरमन जाताना त्यांनी आपल्या खिशातल्या सगळ्या जाड तारा त्याला देऊन टाकल्या. त्यानं विचारलं कशाच्या आहेत. काका म्हणाले, “असंच, कुंपणाच्या.”

आता वाटलं सगळं झालं. शेडाच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, दोन्ही पिठानं धूसर. मोठ्या आईनं ते पुसले, मेणबत्त्या लावल्या, आम्ही सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं आणि मी नियम सांगितला. तिघींनी एकदम बटन दाबायचं नाही. फ्यूज एका मोटारीचा झटका सोसतो, तिघींचा नाही. एक लागली, तिनं वेग धरला, की मग दुसरी. तिघींनी मान डोलावली. मोठी आई थोरली, म्हणून ती पुढं झाली, चक्की लागली. मग आईनं मिरचीची लावली. मग काकीनं धानाची. तार थंड, फ्यूज जागेवर. पण आमचं गाव लाईनच्या पार टोकाला, तिथं पोचेपर्यंत व्होल्टेज आधीच थकलेलं असे. काकीच्या मोटारीनं उचल खाल्ली तशी चक्की कण्हली, तिचा पट्टा सुटला आणि सापासारखा उडून भिंतीवर आदळला. काका टुणकन बाजूला झाले. परत केलं, परत तेच.

मी सायकल काढली, साकोलीची गाडी पकडली आणि आयटीआयमध्ये मेश्राम सरांना गाठलं. सर म्हणाले, “पुस्तकात क्रम कोणताही चालते. पण तुमच्याकडं व्होल्टेज कमजोर. मोठी मोटार लाईन रिकामी असताना आधी लावून घ्या. मग लहान, मग त्याहून लहान. सोपं आहे.” घरी परतताना गाडीभर मी विचार करत होते की हे सोपं आहे हे मोठ्या आईला कसं सांगायचं. तारेच्या नियमानं आधी काकी, मग मोठी आई, मग आई. घराच्या नियमानं धाकटीनं आधी हात लावायचाच नाही.

मी सांगितलं. काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती मुद्दाम भांडी घासायला गेली. मोठी आई म्हणाली, “हो का. मोठी मोटार आधी.” आणि लसूण सोलत बसली. पुढचे काही दिवस शेडात एका वेळी एकच मशीन चाले. मोठी आई सकाळी चक्की लावी, दुपारी बंद करून घरात येई, तोपर्यंत काकी आपल्या मशीनकडे फिरकतही नसे. नवी केबल आढ्याखाली जाडजूड लटकलेली, आणि तिच्यात एका मोटारीपुरता करंट. मला तिच्याकडे बघवत नसे. काका म्हणाले, “याच्यापेक्षा फूज जात होता तं बरं होतं.”

मग आला बाजाराचा दिवस. सकाळीच रांग लागलेली, पीठ, तिखट, धान, सगळं. तिघी शेडात आल्या आणि आपापल्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. कोणी हात हलवला नाही. गिऱ्हाइकं बघत होती. माझी आई माझ्याकडे बघत होती, जणू हे सगळं मीच साकोलीहून आणलं होतं. मग मोठी आई आपल्या चक्कीपासून निघाली. शेड ओलांडून ती काकीच्या मशीनपाशी गेली. काकी एक पाऊल मागं सरली. मोठ्या आईनं पदरानं हात पुसला, धानाच्या मशीनचं हिरवं बटन अंगठ्यानं दाबलं आणि मोटार पूर्ण वेगात येईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग काकीकडे न पाहता म्हणाली, “लागली. आता सांभाळ तुही तू.” आणि परत येऊन तिनं आपली चक्की लावली. मोठी मोटार आधी लागली होती, आणि पहिला हात थोरलीचा होता. तारेचंही राहिलं, घराचंही राहिलं. त्यानंतर आईची धबधब सुरू झाली आणि कोणाला काही ऐकू येईनासं झालं.

तेव्हापासून रोज सकाळी तसंच. मेश्राम सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते उरलेला खडू खिशात ठेवत म्हणाले, “हे परीक्षेत लिहू नको.” वेगळ्या मीटरचा विषय परत निघाला नाही. काकांनी कधी जिल्ह्याचं नाव काढलं तर मोठे बाबा नुसते तिकिटाच्या चिमट्यासारखी जीभ वाजवत.

पुढे एकदा मोठी आई लाखांदूरला माहेरी गेली, भावाच्या मुलीच्या लग्नाला. मी सकाळी अंगणात केस विंचरत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कान रिकामे होते. शेडात जाऊन पाहिलं तर बाहेर रांग, आत आई मिरच्यांची देठं खुडत बसलेली, आणि काकी आपल्या मशीनशेजारी पोत्यावर मांडी घालून. ज्या बटनासाठी तिनं इतकी वर्षं हात पुढं केला होता ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. गिऱ्हाइकं वैतागली होती. एकजण म्हणाला, “अवं बाई, लाव ना. लाईन तं हाये.”

“लाईन हाये,” काकी म्हणाली, “पण आमच्या थोरल्या बाई यायच्या हायेत.”

“कवा येतीन?”

“दुपारच्या गाडीनं.”

तो माणूस धानाचं पोतं टेकवून तिथंच बसला. काकीनं त्याला चहा दिला.